'ग्रँग्वार' आणि त्याचे सहा लाख ग्राहक

इतिहासाच्या पुस्तकात हिटलर भेटतो, मुसोलिनी भेटतो. त्या काळी दर आठवड्याला नाक्यावरून साप्ताहिक विकत घेऊन घरी नेणारा साधा वाचक मात्र सहसा भेटत नाही. उर्दू माध्यमाच्या वर्गात हा कालखंड शिकवताना आम्हांला ही उणीव नेहमी जाणवते. म्हणून फ्रान्समधल्या 'ग्रँग्वार' या साप्ताहिकाची हकिकत येथे सांगत आहोत.

हे साप्ताहिक १९२८ साली पॅरिसमध्ये निघाले. नाव एका जुन्या कवीचे; व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतही तो कवी पात्र म्हणून येतो. काढणारे तिघे होते : ओरास द कार्बुच्चिया, जॉर्ज सुआरेझ आणि जोसेफ केसेल. यांपैकी केसेल हा ज्यू होता, हे ध्यानात ठेवावे. अंकात राजकारण असेच, पण त्याबरोबर कथा, क्रमशः कादंबरी, नाटक-सिनेमाची परीक्षणे, प्रवासवर्णने असा भरगच्च ऐवज असे. गझल आणि अग्रलेख एकाच अंकात वाचण्याची सवय असलेल्या उर्दू वाचकाला हा घाट मुळीच परका वाटणार नाही.

मग हे पत्र उजवीकडे इतके का झुकले? एक कारण घरातलेच होते. कार्बुच्चियाची पत्नी ही पॅरिसचा पोलीसप्रमुख जाँ शियाप याची सावत्र मुलगी. फेब्रुवारी १९३४ मध्ये सरकारने शियापला पदावरून दूर केले आणि ६ फेब्रुवारीला उजव्या संघटनांनी पॅरिसमध्ये रक्तरंजित दंगल केली. त्यानंतर 'ग्रँग्वार'ची भाषा अधिकाधिक कडवट होत गेली. १९३६ साली डाव्या पक्षांची आघाडी निवडून आली. लिओं ब्लुम पंतप्रधान झाले. फ्रान्सचे ते पहिले ज्यू पंतप्रधान. आता तर साप्ताहिकाला दर आठवड्याला शिकार मिळाली. खपही सहा लाखांच्या पुढे गेला. हे सहा लाख सगळेच फॅसिस्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांत संपाला घाबरलेले मध्यमवर्गीय होते, पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते, आणि कादंबरीचे पुढचे प्रकरण वाचायला उत्सुक असलेलेही होते. कादंबरीसाठी घेतलेल्या अंकाचे पहिले पानही घरात येतेच.

त्या पहिल्या पानाचा बळी ठरले रोजे सालांग्रो. लील शहराचे महापौर आणि ब्लुम यांचे गृहमंत्री. १९१५ साली एका मृत सोबत्याचा देह आणण्यासाठी ते खंदकाबाहेर पडले आणि जर्मनांच्या हाती सापडले. ते पळून शत्रूला मिळाले असा संशय घेऊन त्यांच्या गैरहजेरीत लष्करी खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. जर्मन कैदेत त्यांनी कारखान्यात काम करायला नकार दिला, त्याबद्दल शिक्षाही भोगली. पण वीस वर्षांनी, १९३६ च्या उन्हाळ्यात, अतिउजव्या पत्रांनी तोच संशय उकरून काढला. 'ग्रँग्वार' त्यात सर्वांत पुढे. गोंकूर पारितोषिक मिळवलेला आन्री बेरो आपली तयार लेखणी घेऊन आठवड्यामागून आठवडा लिहीत राहिला.

उर्दूत याला तोहमत म्हणतात. खुलासा केला की पुढच्या अंकाला मजकूर मिळे, न केला तर मौन हाच पुरावा ठरे. सेनापती गामलँ यांच्या समितीने कागद तपासून सालांग्रो निर्दोष सुटल्याचे सांगितले. नोव्हेंबरमध्ये संसदेने मोठ्या बहुमताने त्यांची बाजू घेतली. तरी मोहीम थांबली नाही. वतनाशी असलेले इमान वारंवार सिद्ध करावे लागणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १७ नोव्हेंबरच्या रात्री सालांग्रो यांनी लीलमधल्या घरी गॅस सोडून जीव दिला. लीलचे कार्डिनल लिएनार काही समाजवाद्यांचे मित्र नव्हते, पण त्यांनीही बदनामीवर जगणाऱ्या पत्रांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. सरकारने बदनामीला आळा घालणारे विधेयक आणले, ते सेनेटमध्ये अडकले.

पुढची गोष्ट आम्हांला अधिक अस्वस्थ करते. इरेन नेमिरोव्स्की ही ज्यू लेखिका 'ग्रँग्वार'मध्ये कथा लिहीत असे. १९४० मध्ये पेतँच्या राजवटीने ज्यूंना पत्रसृष्टीतून हाकलले, तरी तिच्या कथा टोपणनावाने १९४२ च्या आरंभापर्यंत येत राहिल्या. तिला पैशांची निकड होती. ज्या अंकात तिच्या जमातीला शिव्या, त्याच अंकात तिची कथा! आणि वाचक दोन्ही वाचत होता. जुलै १९४२ मध्ये फ्रेंच पोलिसांनी तिला पकडले. ऑगस्टमध्ये आउश्वित्झच्या छावणीत ती मरण पावली.

१९४४ मध्ये पत्र बंद पडले. सुआरेझ तोपर्यंत जर्मनांच्या बाजूच्या दुसऱ्या एका पत्राचा संपादक झाला होता. नोव्हेंबरमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. केसेल खूप आधीच बाजूला झाला होता. लंडनला जाऊन १९४३ मध्ये त्याने पुतण्याबरोबर प्रतिकार चळवळीचे गीत लिहिले. बेरोला फाशी सुनावली गेली नाही, गोळीची शिक्षा झाली. ती द गॉल यांनी माफ केली, आणि १९५० मध्ये तो सुटला.

ग्राहकांवर अर्थात कुठलाच खटला झाला नाही. १९५१ साली 'रिव्हारोल' नावाचे साप्ताहिक निघाले आणि पेतँच्या चाहत्यांना पुन्हा एक पत्र मिळाले. त्याचेही नाव एका जुन्या लेखकाचेच होते.