मर्यादवेल : किनाऱ्यावरच्या बागेतील हिरवळ

अलिबाग, मुरूड, गुहागर अशा किनाऱ्यालगतच्या गावी घर बांधले, की अंगणात लॉन हवे असे अनेकांना वाटते. मात्र वाळू पाणी धरून ठेवत नाही, खारा वारा गवताची पाती करपवतो आणि हिरवळ जगवण्यासाठी विहिरीचा उपसा वाढत जातो. किनाऱ्यालगत भूगर्भातील गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा बेसुमार झाला, की खारे पाणी वर चढून विहीर निकामी होते. अशा बागेसाठी मर्यादवेल हा उत्तम पर्याय ठरतो.

रताळ्याची नातलग असलेली ही सदाहरित वेल भरतीरेषेच्या वर, वाळूतच पसरते. तिचे शास्त्रीय नाव 'आयपोमिया पेस-काप्रे'. पान मधोमध दुभंगलेले, म्हणून 'बकरीचे पाऊल' अशा अर्थाचे हे नाव पडले. आपल्याकडे मात्र हे पान पाहून आपट्याची आठवण होते. गुलाबी-जांभळी, नरसाळ्यासारखी फुले सकाळी उमलतात आणि दुपारनंतर कोमेजतात.

लागवडीसाठी पावसाळ्याच्या प्रारंभी तीन-चार पेरांच्या छाटण्या घ्याव्यात. दोन पेरे वाळूत पुरून दोन-दोन फुटांवर त्या लावाव्यात. पेरापेराला मुळे फुटतात. मुळे धरेपर्यंत पाणी द्यावे. पुढे ते क्वचितच लागते. बियांचे कवच टणक असते, त्यामुळे ते किंचित घासून बी रात्रभर भिजवावे. भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा आवश्यक आहे. खताचा मारा केल्यास पाने माजतात, फुले कमी येतात.

वेल कित्येक मीटर पसरते व शेजारच्या झुडपांवरही चढते, म्हणून अधूनमधून छाटणी करावी. ती पायदळी तुडवणे सोसत नाही. चालण्यासाठी दगडी पायवाट ठेवावी.

छाटण्या रोपवाटिकेतून वा परिचितांच्या बागेतून आणाव्यात, वाळूच्या टेकड्यांवरून नव्हे. या वेलीच्या मुळांनीच ती वाळू बांधून ठेवलेली असते. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात स्थान दिले आहे. त्यामुळे कुंपणाबाहेर पसरलेली मर्यादवेल तण समजून उपटू नये. वाऱ्याने उडणारी वाळू ती अंगणात येण्यापूर्वीच अडवते.