दिवाळे आणि नादारी : ऋणमुक्तीच्या कागदाचा इतिहास

कर्ज फेडता न येणे या एकाच अवस्थेला मराठीत दोन नावे आहेत. त्यांतले एक पेठेतले आणि दुसरे कचेरीतले. दिवाळे निघते, वाजते, प्रसंगी मुद्दाम काढलेही जाते. नादारी मात्र अर्ज करून सिद्ध करावी लागते. भरदिवसा पेढीवर दिवा लावून व्यापारी आपली असमर्थता जाहीर करी, अशी ‘दिवाळे’ या शब्दाची परंपरागत उपपत्ती सांगितली जाते. हिंदीत ‘दिवाला’, बंगालीत ‘देउलिया’, कन्नडात ‘दिवाळी’ अशी या शब्दाची भावंडे देशभर पसरलेली आहेत. इंग्रजी ‘बँक्रप्ट’च्या मुळाशी इटलीतील सराफाचे मोडलेले बाक आहे. दोन्ही ठिकाणी अर्थाचा गाभा चारचौघांसमोर झालेल्या नाचक्कीचा आहे. फारसीतून आलेल्या ‘नादार’ शब्दात तसे काही नाही. ज्याच्यापाशी नाही तो नादार, एवढेच तो सांगतो. या दोन शब्दांमधल्या अंतरातच ऋणमुक्तीचा भारतीय इतिहास सामावलेला आहे, असे प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे.

पूर्वपरंपरेत ऋणाला मर्यादा होती, पण शेवट नव्हता. ‘दामदुपटी’च्या नियमाने एका वेळी व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे, परंतु पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानलेले असल्याने ते मरणानेही संपत नसे. अशा ऋणातून सुटण्याच्या वाटा साहित्याने टिपल्या आहेत. तुकोबांच्या चरित्रपरंपरेत दुष्काळानंतर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची कथा येते. येथे धनकोच आपला हक्क सोडतो, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याच शतकात बनारसीदासाने ‘अर्धकथानक’ (१६४१) या आत्मचरित्रात आपल्या व्यापारातील तोटे संकोच न बाळगता नोंदविले. पहिल्या ठिकाणी ऋण वैराग्यात विरते, दुसऱ्या ठिकाणी कथनात. दोहोंत न्यायालय कोठेच नाही.

न्यायालय आले ते प्रथम बंदरांच्या शहरांत. १८२८ आणि १८४८ च्या ब्रिटिश कायद्यांनी कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील ऋणकोंना आपली मालमत्ता धनकोंच्या हवाली करून कैदेतून सुटण्याची सोय दिली. तिची कसोटी मुंबईत लागली. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपताच कापसाचे भाव कोसळले, १ जुलैचे वायद्याचे सौदे पुरे करता न आल्याने पेढ्यामागून पेढ्या बुडाल्या आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. युद्धकाळात चढलेले हेच भाव पुढे उतरल्याने दख्खनचा शेतकरीही कर्जात रुतला. मात्र त्याच्या जिल्ह्यात शहरांसारखी सोय नव्हती. मे १८७५ मध्ये सुपे येथे दंगल उसळली आणि ती पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरली. दंगलकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या खतांवर होता. खते हाती लागताच ती जाळली जात.

पूर्वी धनकोने बुडविलेला कागद आता ऋणकोने जाळला. यानंतर सरकारने तिसरी वाट काढली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्याची कर्जापायीची कैद बंद केली, न्यायालयाला व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार दिला आणि शेतकऱ्यासाठी नादारीचे स्वतंत्र प्रकरण घातले.

१९०९ चा इलाखा शहरांचा आणि १९२० चा प्रांतांचा असे दोन नादारी कायदे पुढे शतकभर चालले. त्यांची रीत एकसारखी होती. किमान पाचशे रुपयांचे देणे असलेला किंवा त्यापायी अटकेत असलेला ऋणको अर्ज करी. न्यायालयाने त्यास नादार ठरविले की मालमत्ता अधिकाऱ्याच्या ताब्यात जाई, ती विकून धनकोंना वाटणी होई आणि अखेरीस मुक्ततेचा हुकूम मिळे. धंद्याची हत्यारे, कपडे, अंथरूण, भांडी एवढे मात्र कुटुंबाकडे राही. १९०९ च्या कायद्यात त्याची कमाल किंमत तीनशे रुपये होती. परंतु मुक्तता आपोआप मिळत नसे. तिच्यासाठी वेगळा अर्ज मुदतीत करावा लागे. वकील परवडत नाही म्हणूनच जो नादार, त्याने हे कसे करावे? १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत विधिसाहाय्याचे तत्त्व अनुच्छेद ३९-अ मध्ये आले, आणि त्यासाठीचा १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण कायदा १९९५ मध्ये अमलात आला. मधल्या काळात, १९८० मध्ये, केवळ गरिबीमुळे देणे न फेडणाऱ्यास तुरुंगात घालणे घटनाबाह्य असल्याचे न्या. कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात ठरविले. पुत्राचे धर्मकर्तव्य तर नव्या ऋणांपुरते २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीनेच संपले.

२०१६ च्या संहितेच्या नावात नादारी आणि दिवाळखोरी हे दोन्ही शब्द प्रथमच एकत्र आले. पण त्यांची वाटणी पाहण्याजोगी आहे. कंपनीसाठी तोडग्याची प्रक्रिया आहे, २०१९ पासून तिला ३३० दिवसांची मर्यादा आहे. तोडगा न निघाल्यास कंपनीचे ‘परिसमापन’ होते. ‘दिवाळखोर’ हे विशेषण संहितेने व्यक्ती आणि भागीदारी पेढ्या यांच्यासाठीच राखले. वार्षिक साठ हजारांपर्यंत उत्पन्न, वीस हजारांपर्यंत मालमत्ता आणि पस्तीस हजारांपर्यंत कर्ज असलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या माणसाला ‘नव्या प्रारंभा’ची तरतूदही तीत लिहिली गेली. तथापि डिसेंबर २०१९ मध्ये व्यक्तींविषयीचा भाग अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता.

कंपनीची तोट्यातून सुटका ही आर्थिक घटना ठरते. माणसाची सुटका मात्र चारित्र्याचा प्रश्न बनते. प्रेमचंदांचा होरी ‘गोदान’मध्ये (१९३६) कर्जासह मरतो. त्याच्यासाठी मुक्ततेचा हुकूम त्या कथाविश्वात कल्पिलेलाच नाही. डिकन्सचे वडील १८२४ मध्ये मार्शलसी तुरुंगातून सुटले ते नादारीच्या कायद्याच्या आधारे, आणि तो तुरुंग ‘लिटल डॉरिट’चा विषय झाला. आपल्याकडील कर्जकथा तुलनेसाठी घेताना ऋणको कसा भरडला जातो एवढेच पाहून भागणार नाही. सुटकेचा कागद त्याच्या हाती पोहोचू शकत होता काय, आणि नसेल तर का, हेही विचारावे लागेल. पेठेतल्या शब्दाने केलेली नाचक्की कचेरीतला शब्द पुसू शकतो. मात्र त्यासाठी कचेरीचे दार उघडे असावे लागते आणि आत नेणारा कोणीतरी सोबत असावा लागतो.