यादींत नसलेलें नांव

कलकत्ता विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. कॉलेजांत शिरण्यास त्याची प्रवेशपरीक्षा द्यावी लागे. पण त्या परीक्षेस एखादी मुलगी बसेल, ही कल्पना नियम करणारांच्या मनांत आलेली दिसत नाहीं. १८७६ सालीं डेहराडूनच्या चंद्रमुखी बसू हिनें परवानगी मागितली. ती मिळाली, पण अट विलक्षण : उत्तीर्ण झाली तरी तिला रीतसर उमेदवार मानावयाचें नाहीं! गुण तपासावयाचे, पण मोजावयाचे नाहींत, असा हा न्याय. चंद्रमुखी कसोटीस उतरली. यादींत मात्र नांव आलें नाहीं. १८७८ सालीं विद्यापीठानें नियम बदलला. त्याच वर्षीं कादंबिनी बसू प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाली. १८८३ सालीं दोघीही बी. ए. झाल्या आणि पुढल्याच वर्षीं चंद्रमुखी एम्. ए. झाली.