संगणकाची स्मृती चुकते तेव्हा...

राजर्षी शाहू महाराज ज्या घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, त्या घाटगे घराण्याचे गाव ही कागलची जुनी ओळख. पुणे-बंगळुरू महामार्गालगतच्या कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीने या गावाला दुसरी ओळख दिली. कोल्हापूर परिसरातील फाउंड्रीत ओतलेले कास्टिंग अचूक मापात तासणारी सीएनसी, म्हणजे संगणकनियंत्रित, यंत्रे हा येथील कारखानदारीचा कणा आहे. अशा यंत्राच्या पडद्यावर कधी 'एसरॅम पॅरिटी' असा इशारा उमटतो आणि यंत्र जागीच थांबते. फानुक कंपनीच्या काही मालिकांच्या नियंत्रकांत तो ९१० किंवा ९११ या क्रमांकाने येतो. हत्यार बोथट झालेले नसते, मोटारही जळालेली नसते. नियंत्रकाच्या मेमरीत साठवलेला एक शून्य 'एक' झालेला असतो, किंवा एकाचा शून्य.

यंत्र थांबले म्हणजे उत्पादन थांबले, त्यामुळे हा इशारा कोणालाही आवडत नाही. परंतु मेमरीचा दोष ओळखून काम थांबवणारे यंत्र हे प्रामाणिक यंत्र होय. त्याच कारखान्याच्या कार्यालयातील टेबलावर ठेवलेल्या साध्या संगणकात हाच दोष उद्भवला, तर बहुधा कोणताही इशारा येत नाही. एक उदाहरण घेऊ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाडीची १८,००० किलो अशी नोंद झाली आहे. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ही संख्या १६,३८४ अधिक १,६१६ अशी मांडली जाते. त्यातील १६,३८४ दर्शवणारा एकच बिट उलटला, की नोंद उरते १,६१६ किलोची. उदाहरण कल्पित असले तरी प्रकार कल्पित नाही. २००३ साली बेल्जियममधील स्कारबेक येथे इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मते जादा मिळाल्याचे आढळले. ती मते शक्यतेपेक्षाही अधिक असल्यामुळेच चूक उघडकीस आली. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात. तपासात कार्यक्रमात दोष सापडला नाही व मेमरीतील एक बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला.

मेमरी चुकते कशी, हे समजण्यासाठी तिची रचना पाहावी लागते. आज संगणकात 'रॅम' म्हणून जी पट्टी बसवली जाते, तिच्यातील चिप डीरॅम प्रकारच्या असतात. प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर ही आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची कल्पना. तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले, तर १९७० मध्ये इंटेलने १,०२४ बिटांची '११०३' ही चिप बाजारात आणली. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर एक, नसेल तर शून्य. हा भार अत्यल्प असतो आणि भोक पडलेल्या घागरीसारखा तो सतत गळत राहतो. म्हणून प्रत्येक ओळ ठराविक काळाने वाचून पुन्हा भरावी लागते. डीडीआर-३ व डीडीआर-४ या पिढ्यांत हा काळ ६४ मिलिसेकंदांचा आहे. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सियसच्या वर गेले की गळती वाढते, तेव्हा तो निम्म्यावर आणावा लागतो. सीएनसी नियंत्रकातील एसरॅम वेगळ्या रचनेची असते. तिला असे भरावे लागत नाही, मात्र वीज गेल्यावर तिच्यातील माहिती टिकते ती केवळ छोट्या लिथियम बॅटरीच्या जोरावर.

इतक्या नाजूक भाराला धक्का लावायला फार काही लागत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या १६ किलोबिट चिपमध्ये अकारण चुका होऊ लागल्या. टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी त्याचा माग काढला, तेव्हा दोष चिपच्या वेष्टनात सापडला. वेष्टनाच्या द्रव्यातील युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवत होते. द्रव्य शुद्ध करून तो प्रश्न बराचसा सुटला, पण अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांना वेष्टन बदलून अडवता येत नाही. अशा चुकांना 'सॉफ्ट' म्हणजे तात्पुरत्या चुका म्हणतात, कारण बिट पुन्हा लिहिला की चिप पूर्ववत होते. याउलट कायमचा बिघडलेला कपॅसिटर, झिजलेली जोडणी किंवा सांध्यातील तडा या 'हार्ड' चुका. गुगलच्या हजारो सर्व्हरवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांत किमान एक चूक नोंदली गेल्याचे आणि या चुकांत वैश्विक किरणांपेक्षा चिपमधील कायमच्या दोषांचा वाटा मोठा असल्याचे त्यातून दिसले. सारा दोष आकाशावर ढकलण्याची सोय त्यामुळे उरली नाही.

वेगाची किंमत

चिपमधील दोषांपेक्षाही वेगातून जन्मणारे दोष अधिक फसवे असतात. मेमरी आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या तारेवरून सेकंदाला कोट्यवधी ठोके जाऊ लागले, की ती साधी तार राहत नाही. तिच्या टोकावरून संदेश परत उलटतो, शेजारच्या तारेत त्याचा पडसाद उमटतो, एखादी तार काही मिलिमीटर लांब असेल तर तिचा बिट उशिरा पोहोचतो. चिप निर्दोष, प्रोसेसर निर्दोष, तरीही वाचलेला आकडा चुकीचा!

याचे ठळक उदाहरण म्हणजे इंटेलचा '८२०' हा चिपसेट. रॅम्बस कंपनीच्या तत्कालीन अतिवेगवान मेमरीसाठी तो तयार करण्यात आला होता. सप्टेंबर १९९९ मध्ये तो बाजारात येण्याच्या बेतात असताना, मेमरीचे तीन खाचे असलेल्या बोर्डवर माहितीत चुका होत असल्याचे आढळले. तोडगा काय काढला गेला? तिसरा खाचाच वगळण्यात आला आणि दोन खाच्यांचे बोर्ड नोव्हेंबरमध्ये विक्रीस आले. रॅम्बसची मेमरी महाग होती. म्हणून स्वस्त एसडीरॅम वापरता यावी यासाठी इंटेलने मध्ये एक दुभाषी चिप बसवली. तिच्यातील विद्युत गोंगाटामुळे संगणक अडकू लागला, आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला आणि क्वचित माहिती बिघडू लागली. मे २००० मध्ये कंपनीला असे बोर्ड बदलून देण्याची घोषणा करावी लागली. पहिल्या दोषावरच्या तोडग्याने काम भागले. दुसरा दोष तोडग्याच्या पलीकडचा ठरला.

पुढच्या पिढ्यांनी या अनुभवातून मार्ग काढला. डीडीआर-२ मध्ये तारेच्या टोकावरील प्रतिध्वनी शोषणारा रोध चिपच्या आतच आला. डीडीआर-३ पासून संगणक सुरू होताना मेमरीची 'तालीम' घेतली जाऊ लागली. कोणता बिट किती उशिरा येतो हे मोजून नियंत्रक त्यानुसार स्वतःची वेळ जुळवतो. डीडीआर-५ मध्ये ही तालीम इतकी सखोल आहे, की नवी पट्टी बसवल्यानंतर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. संगणक बिघडला असे समजून मध्येच वीज बंद करणारे ग्राहक कमी नाहीत. प्रत्यक्षात तो आपल्या मेमरीशी ओळख करून घेत असतो.

पहारा कोणाला मिळतो?

चूक होणारच, तर ती पकडायची कशी? सर्वांत जुना उपाय पॅरिटीचा. आठ बिटांसोबत नववा बिट ठेवायचा आणि एकांची संख्या सम की विषम हे त्यात नोंदवायचे. मोजणी जुळली नाही की चूक झाल्याचे कळते, कोठे झाली हे कळत नाही. म्हणून यंत्र थांबवण्यावाचून गत्यंतर नसते. बेल लॅब्जमधील रिचर्ड हॅमिंग यांना नेमका याचाच त्रास होत असे. शनिवार-रविवारी संगणकावर लावलेले काम चूक सापडताच सोडून दिलेले असे. चूक सापडते तर ती सुधारता का येऊ नये, या विचारातून त्यांनी १९५० मध्ये चूक सुधारणारी संकेतप्रणाली प्रसिद्ध केली. तिच्या विस्तारित रूपात ६४ बिटांना ८ तपासणी बिट जोडले जातात. एक बिट उलटला तर तो दुरुस्त होतो, दोन उलटले तर इशारा मिळतो. हीच 'ईसीसी' मेमरी.

बँकांचे सर्व्हर, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील २०१८ चा 'प्रत्यूष' यांसारखे महासंगणक ईसीसीशिवाय कल्पिताच येत नाहीत. घरगुती आणि लहान कार्यालयांच्या संगणकांत मात्र ती क्वचितच आढळते. आठ चिपऐवजी नऊ चिप हा साडेबारा टक्क्यांचा वाढीव खर्च हे त्याचे एक कारण. बाजारपेठेची विभागणी हे दुसरे. इंटेलने ही सोय दीर्घकाळ मुख्यतः सर्व्हर आणि वर्कस्टेशन वर्गापुरती राखली. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर टीका केली. ती अनाठायी म्हणता येणार नाही. कागलमधील लघुउद्योजकाच्या हिशेबाचे त्याच्या लेखी मोल मोठ्या बँकेच्या नोंदीहून कमी नसते.

डीडीआर-५ विकताना 'ईसीसी आतच आहे' असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. या पिढीतील चिप आपल्या पोटातील एका बिटाची चूक सुधारते, कारण कपॅसिटर इतके लहान झाले आहेत की त्याविना पुरेशा निर्दोष चिप हातीच लागत नाहीत. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर होणाऱ्या चुकांवर त्याचा इलाज नाही, आणि सुधारलेल्या चुकांचा पत्ताही संगणकाला लागत नाही. खऱ्या ईसीसीसाठी पट्टीवर जादा चिप असावी लागते, तसेच बोर्ड आणि प्रोसेसर यांनीही ती मानावी लागते.

२०१४ मध्ये या साऱ्याला वेगळे वळण मिळाले. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेलच्या संशोधकांनी दाखवून दिले, की मेमरीतील एकच ओळ अतिवेगाने पुनःपुन्हा उघडली तर शेजारच्या ओळीतील बिट उलटतात. तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० पट्ट्यांत हा दोष निघाला. 'रोहॅमर' असे त्याचे नाव. तोवर मेमरीचा दोष हा अपघात मानला जात होता. पुढच्याच वर्षी गुगलच्या संशोधकांनी याच दोषाच्या आधारे संगणकाचा ताबा घेता येतो हे सिद्ध केले. ओळी दुप्पट वेळा भरण्याचा तोडगा कंपन्यांनी बायॉस सुधारून दिला. डीडीआर-४ मध्ये धोक्यातील ओळी हेरून त्या आधीच भरण्याची व्यवस्था आली आणि प्रश्न सुटल्याचे जाहीर झाले. २०२० मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी ४२ पैकी १३ पट्ट्यांत ती व्यवस्थाही चकवली.

कारखान्यातून बाहेर पडणारी चिपही क्वचितच पूर्ण निर्दोष असते. उत्पादक प्रत्येक चिपमध्ये जादा ओळी आणि स्तंभ ठेवतात. चाचणीत सदोष ठरलेल्या ओळीचा पत्ता चिपमधील सूक्ष्म फ्यूज जाळून नोंदवला जातो आणि तिच्या जागी राखीव ओळ काम करू लागते. डीडीआर-४ पासून अशी दुरुस्ती पट्टी संगणकात बसवल्यानंतरही करता येते. दुरुस्तीची नोंद कायमची जपणाऱ्या अशा 'एकदाच लिहिता येणाऱ्या' मेमरीच्या बाबतीत महाराष्ट्रातही मोलाचे काम झाले आहे. आयआयटी मुंबईतील प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने विकसित केलेले ८ बिटांचे तंत्रज्ञान चंडीगडजवळील सेमिकंडक्टर लॅबोरेटरीच्या १८० नॅनोमीटर प्रक्रियेत उत्पादनासाठी स्वीकारण्यात आले. २०२१ मध्ये ते जाहीर झाले. चिप तयार झाल्यावर तिच्यातील बारीक फरक सुधारणे हा त्याचा एक उपयोग.

दुरुस्तीच्या दुकानात

संगणक वारंवार अडकू लागला, निळा पडदा येऊ लागला, मोठी फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश येऊ लागला, की मेमरीचा संशय घ्यावा. गावोगावच्या दुरुस्ती दुकानांत पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसण्याचा प्रघात आहे. यात अंधश्रद्धा नाही. दातांवर धूळ किंवा पुटे साचली असतील तर संपर्क खरोखरच सुधारतो, आणि फाउंड्रीच्या परिसरात धुळीला तोटा नसतो. मात्र रबर मऊ असावे, त्याचा चुरा खाच्यात जाऊ नये आणि एकदा पुसल्याने काम न भागल्यास घासत बसू नये.

त्यानंतरची पायरी चाचणीची. 'मेमटेस्ट८६' हा कार्यक्रम विंडोज सुरू न करता थेट चालतो आणि प्रत्येक पत्त्यावर वेगवेगळे आकडे लिहून वाचून पाहतो. एका फेरीत दोष दिसला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. तो रात्रभर चालू ठेवावा. चूक दिसल्यास बायॉसमध्ये जाऊन वेगवाढीची 'एक्सएमपी' सोय आधी बंद करावी. पट्टीच्या खोक्यावर छापलेला वेग पुष्कळदा या सोयीवरच अवलंबून असतो आणि प्रत्येक प्रोसेसर तो पेलतोच असे नाही. वेग उतरवताच चुका थांबल्या, तर पट्टी टाकून देण्याचे कारण नाही. त्यानेही न भागल्यास एकेक पट्टी स्वतंत्रपणे, एकाच खाच्यात बसवून तपासावी, म्हणजे दोष पट्टीचा की बोर्डाचा हे उमगते. नेहमी एकाच पत्त्यावर चूक येत असेल, तर लिनक्स आणि विंडोज या दोन्हींत तेवढा भाग वापरातून वगळता येतो. जुन्या, नवी पट्टी सहज न मिळणाऱ्या संगणकासाठी हा तोडगा उपयोगी असला तरी हिशेबाच्या संगणकावर त्याच्या भरवशावर राहू नये, कारण एक भाग बिघडलेल्या चिपचा दुसरा भाग बिघडण्याची शक्यता अधिक असते.

सीएनसी यंत्राचे पथ्य निराळे आहे. एसरॅमची बॅटरी कमजोर झाल्याचा इशारा आला, की ती नियंत्रकाची वीज चालू ठेवूनच बदलायची असते. वीज बंद करून बॅटरी काढली तर यंत्राचे सारे मापदंड पुसले जाऊ शकतात. पॅरिटीचा इशारा आल्यावर बहुधा एसरॅम पूर्ण पुसून माहिती पुन्हा भरावी लागते. तेव्हा मापदंड आणि कार्यक्रम मेमरी कार्डवर आधीच उतरवून ठेवलेले असतील, तर यंत्र पुष्कळदा त्याच दिवशी सुरू होते. नसतील तर उत्पादकाकडून ते मिळेपर्यंत थांबावे लागते, आणि यंत्र जुने असेल तर तेही मिळतील याची खात्री नसते.