नारू: पायविहिरीच्या पायऱ्यांवरचा विसरलेला इतिहास

१/७
यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी असो वा विदर्भ-मराठवाड्यातील दुसरे एखादे गाव, नळ येण्यापूर्वी गावाचा जीव विहिरीत असे. काळ्या खडकाच्या या प्रदेशात उन्हाळ्यात पाणी खोल जाई; म्हणून महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायविहिरी आणि बारवा बांधल्या गेल्या. आज आपण त्यांच्या पायऱ्यांची छायाचित्रे काढतो. त्याच पायऱ्यांवरून एक रोगही ये-जा करीत असे. त्याचे नाव नारू.

२/७
इतर अनेक जंत आतड्यात मुक्काम करतात. नारू पोटावाटे केवळ शरीरात शिरतो. त्याची मादी त्वचेखाली वाढते, ६० ते १०० सेंटिमीटर लांब होते आणि सुमारे वर्षभराने, बहुधा पायाला फोड आणून, बाहेर पडू लागते. फोडाची आग असह्य होते. रुग्ण पाय गार पाण्यात बुडवतो आणि मादी त्या पाण्यात असंख्य अळ्या सोडते.

३/७
सायक्लॉप्स नावाचा अतिसूक्ष्म जलजीव या अळ्या गिळतो. सुमारे दोन आठवड्यांत त्या रोग पसरवण्यास समर्थ होतात. असे पाणी कोणी न गाळता प्यायले की चक्र पूर्ण! रशियन संशोधक अलेक्सेई फेडचेन्को यांनी सायक्लॉप्सचा हा सहभाग १८७० च्या सुमारास उलगडला.

४/७
आता विहिरीची रचना पाहा. रहाटाच्या विहिरीत दोर आणि पोहरा पाण्यात जातो, माणूस काठावरच राहतो. पायविहिरीत मात्र घागर बुडवताना पावले पाण्यात पडतात. ज्या पायऱ्यांनी पाणी जवळ आणले, त्यांनीच रोगी पाय पाण्यापर्यंत नेला.

५/७
उपचार एकच होता: बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळून जंत रोज थोडाथोडा ओढणे. तो मध्येच तुटला तर पाय सुजे, जखम चिघळे. आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळलेल्या शेतकऱ्याची पेरणी कोण करणार?

६/७
नारूवर लस निघाली नाही, त्याला मारणारे औषधही सापडले नाही. १९८३-८४ मध्ये भारताने राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्र हे रोगग्रस्त राज्यांपैकी एक होते. हातपंप बसवले गेले, पाणी बारीक कापडाने गाळण्याची सवय लावली गेली, सायक्लॉप्स मारण्यासाठी टेमेफॉस वापरले गेले आणि पायविहिरींचे रूपांतर काठावरून पाणी शेंदण्याच्या विहिरींत केले गेले.

७/७
देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

म्हणून, मित्रांनो, एखाद्या जुन्या विहिरीच्या पायऱ्या पाण्यापाशी भिंत घालून बंद केलेल्या दिसल्या, तर वारशाची नासधूस झाली असे लगेच म्हणू नका. आधी गावातील वडीलधाऱ्यांना विचारा. कदाचित ती भिंतही जपण्याजोगा इतिहास असेल.