‘तमस’चा खटला आणि प्रेक्षकाची योग्यता

दूरचित्रवाणीवरील गंभीर मालिकांविषयी आज जो तो हिरीरीने मत देतो. परंतु मत देणाऱ्या या सामान्य प्रेक्षकाची योग्यता आपल्या देशात प्रथम कोठे मान्य झाली याचा शोध घेऊ लागल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या दप्तरातील जानेवारी १९८८ चे एक प्रकरण टाळून पुढे जाता येत नाही. भीष्म साहनींच्या हिंदी कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली ‘तमस’ ही सुमारे पाच तासांची मालिका दूरदर्शनवरून प्रक्षेपित होत असता, तिच्यामुळे जातीय वैमनस्य भडकेल अशी तक्रार घेऊन एका अर्जदाराने न्यायालयात धाव घेतली, एका न्यायमूर्तींनी पुढील प्रक्षेपणास तात्पुरती मनाई केली, आणि प्रकरण अपिलात न्यायमूर्ती लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्यापुढे आले. त्यांनी केवळ उभय पक्षांच्या कैफियतींवर विसंबून न राहता संपूर्ण मालिका स्वतः पाहिली आणि मग मनाईहुकूम उठविला. गोष्ट साधी खरी, पण मला ती फार मोलाची वाटते.

‘तमस’च्या कथेचे बीज रावळपिंडीचे, पण त्याला अंकुर फुटला तो आपल्या भिवंडीत. १९७० च्या दंगलीनंतर भीष्मजी आपले थोरले बंधू बलराज साहनी यांच्यासह तेथे गेले असता, एरवी मागांच्या खडखडाटाने अहोरात्र गजबजलेल्या त्या गावातील निःशब्द गल्ल्यांनी त्यांना १९४७ च्या रावळपिंडीची आठवण करून दिली, आणि दिल्लीस परतल्यावर ते ही कादंबरी लिहावयास बसले. १९७५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. निहलानी हेही मूळचे कराचीचे, फाळणीने देशोधडीस लागलेल्या कुटुंबातले. पदरचे दुःख असलेल्या माणसाचा संयम त्यांच्या दिग्दर्शनात पदोपदी जाणवतो.

आमच्या चाळीत तेव्हा ज्या एका घरी संच होता, त्याच्या दाराशी मालिकेच्या वेळी चपलांचा ढीग पडे. आणि एरवी भाग संपताच जो गलका उठायचा, तो ‘तमस’ चालू असताना कधीच उठला नाही, माणसे अंधारात चाचपून आपापल्या चपला शोधत आणि निमूटपणे घरी जात. त्या कथेतला एक प्रसंग मी विसरू शकलेलो नाही. गाव सोडून पळालेल्या वृद्ध हरनामसिंग व बंतो या शीख दांपत्याला राजो ही मुसलमान गृहिणी आपल्या घरात आसरा देते. तिचा नवरा लुटून आणलेली पेटी घेऊन येतो, ती असते हरनामसिंगाचीच. तिचे कुलूप फोडण्याची खटपट सुरू होताच तो म्हातारा आपणहून किल्ली पुढे करतो. हे पाहून कोणाचा हात लाठीकडे जाईल? हा प्रसंग पाहणाऱ्याची मान खालीच जाते, मग तो कोणत्याही धर्माचा असो. (राजोच्या भूमिकेसाठी सुरेखा सिक्री यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वथा उचित होता.)

पुढे सर्वोच्च न्यायालयातही अशीच एक याचिका दाखल झाली आणि १६ फेब्रुवारी १९८८ रोजी ती फेटाळली गेली. त्या निवाड्यात न्यायालयाने आधार घेतला तो स्वातंत्र्यापूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेल्या कसोटीचा. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारविरुद्धच्या एका प्रकरणात बोस यांनी म्हटले होते की, मजकुराचा परिणाम जोखावयाचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणूस डोळ्यांपुढे ठेवून. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास घेणाऱ्या माणसाला प्रमाण मानून नव्हे. छापील मजकुराच्या वाचकासाठी नागपुरात ठरलेले हे माप अशा रीतीने दूरदर्शनच्या प्रेक्षकाला लागू झाले.

आजच्या मालिकांकडे मी याच मापाने पाहतो. ‘पाताल लोक’मध्ये गुन्हेगाराच्या क्रौर्यामागचा त्याचा भूतकाळ ज्या धीराने उलगडला आहे, त्यात प्रेक्षकाच्या विवेकावरील विश्वास दिसतो, म्हणून ती मला श्रेष्ठ वाटते. उलट २०२१ साली ‘तांडव’विरुद्ध फिर्यादी दाखल होताच निर्मात्यांनी क्षमा मागून दृश्ये गाळली. ती मालिका कलागुणांत ‘तमस’च्या आसपासही नाही असे माझे स्पष्ट मत आहे, तथापि तिचे बरेवाईट ठरविण्याचा अधिकार प्रेक्षकाचा होता, आणि तो त्याला बजावू दिला गेला नाही, याचे मला दुःख होते.

ज्या वाचकांनी ‘तमस’ पाहिली नसेल त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी त्या दोन न्यायमूर्तींप्रमाणे ती अथपासून इतिपर्यंत पाहावी, आणि मत त्यानंतरच द्यावे.