वनौषधींचे अर्क आणि रक्तवाहिन्यांची वाढ

शरीरातील जुन्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना नव्या शाखा फुटण्याच्या क्रियेला 'अँजिओजेनेसिस' असे म्हणतात. गर्भाच्या वाढीसाठी आणि जखम भरून येण्यासाठी ही क्रिया अत्यावश्यक असते. एरवी प्रौढ शरीरात ती बहुतांशी स्तब्ध असते. कर्करोगाची गाठ मात्र तिला पुन्हा चालना देते. नव्या रक्तवाहिन्यांवाचून गाठ काही मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही; तेव्हा तिची ही रसदच तोडावी, अशी कल्पना अमेरिकी शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. २००४ मध्ये बेव्हॅसिझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ती कल्पना रुग्णांपर्यंत पोहोचली.

असेच गुणधर्म वनस्पतींमध्ये आहेत का, याचा शोध अनेक प्रयोगशाळांत घेतला जातो. हळदीतील कुरकुमीन (१९९८), हिरवा चहा (१९९९) आणि अश्वगंधेतील विथाफेरिन-ए (२००४) यांच्याविषयीचे निष्कर्ष या संदर्भात प्रसिद्ध झाले आहेत.

चाचणीसाठी वनस्पतीचा भाग वाळवून, त्याची भुकटी करून पाणी, अल्कोहोल यांसारख्या द्रावकात त्याचा अर्क काढतात. प्राथमिक चाचणी बहुधा कोंबडीच्या फलित अंड्यावर होते. अंडे उबवणी यंत्रात ठेवून काही दिवसांनी कवचाला लहानशी खिडकी पाडतात. आतील पातळ पटलावर रक्तवाहिन्यांचे जाळे उघड्या डोळ्यांनाही दिसते. त्यावर अर्क शोषलेली चकती ठेवून दोन-तीन दिवसांनी वाहिन्यांच्या शाखा मोजतात. दुसऱ्या काही अंड्यांवर केवळ द्रावकाची चकती ठेवली जाते. ही तुलना नसेल, तर परिणाम अर्काचा की द्रावकाचा, हे सांगता येत नाही. याखेरीज मानवी नाळेतील रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या नळीसारखी रचना करतात का, हेही तपासले जाते.

खरी अडचण यानंतर सुरू होते. वाहिन्या कमी झाल्या म्हणजे त्यांची वाढ रोखली गेली, असे नव्हे. विषारी अर्काने पेशी मरूनही तोच देखावा दिसतो. त्यामुळे पेशी जिवंत राहतात अशा मात्रेतही परिणाम टिकतो का, हे पाहावे लागते. पुढे अर्कातील घटक एकेक वेगळे करून नेमके कार्यकारी द्रव्य शोधावे लागते. वनस्पतीची जात, जमीन आणि तोडणीचा हंगाम यांनुसार घटकांचे प्रमाण बदलत असल्याने हे काम वेळखाऊ ठरते.

अंड्यावर थेट ठेवलेला अर्क आणि पोटात घेतलेले चूर्ण यांतही मोठे अंतर आहे. कुरकुमीन रक्तात अत्यल्प शोषले जाते आणि आतडे व यकृतात त्याचे झपाट्याने रूपांतर होते. बशीतील पेशींवर वापरलेली मात्रा रक्तात गाठणे म्हणूनच कठीण असते. २०१७ मधील एका शास्त्रीय समीक्षेने तर कुरकुमीनची एकही काटेकोर तुलनात्मक वैद्यकीय चाचणी यशस्वी झाली नसल्याचे नमूद केले.

रक्तवाहिन्यांची वाढ रोखणे निर्धोकही नाही. बेव्हॅसिझुमॅबमुळे जखमा भरण्यास विलंब होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर किमान २८ दिवस ते देत नाहीत. गर्भवतींनी घेतल्याने हजारो बालकांत जन्मजात व्यंगे निर्माण करणाऱ्या थॅलिडोमाइडमध्येही हा गुणधर्म असल्याचे १९९४ मध्ये आढळले. एखाद्या अर्कात हा गुण खरोखरच प्रभावी असेल, तर त्याचे धोकेही तसेच असू शकतात. 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी' हे समीकरण येथे लागू पडत नाही.

अंड्यावरील यश ही संशोधनाची पहिली पायरी आहे, उपचाराची नव्हे. कर्करोगाच्या रुग्णाने अशा वृत्तांवर विसंबून चालू उपचार सोडू नयेत. अर्क वा चूर्ण घेत असल्यास, विशेषतः शस्त्रक्रिया ठरली असेल तर, त्याची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.